चार नंबर

सेकोंडीच्या मासळी बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्यावर
अटाच्या सलूनची पाटी आहे. मी रंगवलेली.
पत्र्यावर नऊ डोकी, नऊ कट.
चौथं डोकं एकोव बेंटसिलचं.
गावाने त्याला डोक्यावर घेतलं,
मी त्याचं डोकं पत्र्यावर घेतलं, एवढंच.
बाकी आठ जण मानेपाशी संपतात.
तो एकटा छातीपर्यंत,
कारण जर्सी दाखवायची होती.

सतरा वर्षांचा होता. आक्राच्या क्लबने नेला.
जर्सी निळी. निळा माझ्याकडे होताच,
होड्यांसाठी आणलेला, अर्धा डबा.

मग माल्टा. लाल.
मग स्लोव्हाकियातलं एक गाव, ज्याच्या नावात
अक्षरांच्या डोक्यावर बारीक पक्षी बसतात.
तिथे हिरवे-पांढरे उभे पट्टे.
पट्ट्यांचे मी अटाकडे जास्त पैसे मागितले.
अटा म्हणाला, पोराला कळव,
पुढच्या वेळी साध्या रंगाचा क्लब बघ.

त्या वर्षांत त्याच्या आईचं स्वतःचं नाव बुडालं.
धुरावलेल्या मासळीच्या टोपल्यांमागून
सगळे तिला एकोवची आई म्हणत,
आणि ती भावात एक सेडी सोडत नसे.
त्याचं नाव मी दोन होड्यांवर लिहिलं,
एका ट्रोट्रोच्या मागच्या काचेवर,
एकदा शवपेट्यांच्या दुकानावरसुद्धा.
मालक म्हणाला, नाव चालतंय ना, मग लिही.

किती दूरवर माहीत होता तो?
मला विचाराल तर मी ब्रशने मोजतो.
इथला खारा वारा आधी नाक खातो, मग भुवया.
सात वर्षं दर वर्षी अटा स्वतः येऊन म्हणायचा,
चार नंबरला हात दे, लोक विचारतात.
आठव्या वर्षी मीच त्याला आठवण केली.

फिनलंडहून फोन आला होता एकदा.
काका, इथे बर्फात चेंडू नारिंगी असतो.
मग उगाच, न विचारता, त्या पक्ष्यांच्या गावाबद्दल बोलला.
शेवटच्या सामन्यात चेंडू याच्या टाचेला लागून
याच्याच जाळ्यात गेला होता,
क्लब खालच्या लीगमध्ये घसरला.
तिथली शाळेतली पोरं अजून माझं नाव घेतात, म्हणाला,
कुणी काही धांदरटपणा केला की.
हसत होता. लाइन खराब होती,
हसणं तुकड्यातुकड्यांत पोचलं.

त्यानंतर गुडघा. त्यानंतर काही नाही,
म्हणजे माझ्यापर्यंत काही नाही.

गेल्या डिसेंबरात, हवेत वाळवंटाची धूळ होती तेव्हा,
तो अटाच्या बाकावर येऊन बसला.
अटा आजारी, खुर्चीमागे त्याचा नवा पोरगा.
पोरगा म्हणाला, कोणता?
एकोवने दारातून पाटीकडे पाहिलं.
चार नंबर.
पोरगा म्हणाला, सगळे तोच मागतात, काका,
पण तेवढे केस हवेत ना.

मी समोर होडीचं नाव लिहीत होतो.
तो उठून बाहेर आला, पाटीपाशी उभा राहिला.
मी जुन्या सवयीने विचारून बसलो,
आता रंग कोणता?
त्याने स्वतःच्या शर्टाकडे पाहिलं. तपकिरी. इस्त्रीचा.
काही बोलला नाही.

गळ्यापाशी रंगाचे पापुद्रे सुटले होते.
त्याने नख लावलं.
फिनलंड गेलं. पट्टे गेले. लाल जरा चिवट निघाला.
आतून पोरगा ओरडला, अहो, पाटी खराब करू नका!
मी म्हटलं, करू दे, त्याचीच आहे.
पोरगा कात्री हातात घेऊन दारात आला,
एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत,
म्हणाला, पाटी अटाची आहे.

तेही खरंच.
तोवर नखाएवढा निळा दिसायला लागला होता.
होड्यांचा रंग. तो सहसा जात नाही.